अंदाजाने अवयव पाडताना कोणते अंदाज करायचेच नाहीत

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नववीत आहे. क्ष² + ७क्ष + १२ असं साधं उदाहरण असेल तर ती अवयव पटकन पाडते. पण ६क्ष² + १७क्ष + १२ आलं की कंसांत एकामागून एक आकडे घालत बसते, पानभर खाडाखोड होते आणि शेवटी ‘अवयव पडत नाहीत’ असं लिहून मोकळी होते. ‘सरावाने जमतं’ एवढंच तिला सांगण्यात आलंय. याला काही नेम आहे, की नुसतं चाचपडायचं?

नेम आहे, ताई. ‘प्रयत्न-प्रमाद पद्धत’ या नावामुळे मुलांना वाटतं की आकडे घालत राहायचं, कधीतरी जुळेल. आपण भरताची वांगी घेताना टोपलीतलं प्रत्येक वांगं कापून बघत नाही. वजनाला कसं आहे, देठ ताजा आहे का, कुठे भोक आहे का, एवढ्यावरच निम्मी टोपली बाजूला सारतो. अवयवांतही तसंच आहे. बहुतेक जोड्या गुणाकार न करताच बाद होतात. त्या कशा बाद करायच्या हे शिकवलं जात नाही, म्हणून मुलं सगळ्याच कापत बसतात.

आधी ६क्ष² + १७क्ष + १२ याचा अर्थ पाहू. रावेर-यावलकडच्या एखाद्या केळीच्या बागेत इतकी खोडं आहेत असं समजा. ओळी किती आणि एका ओळीत खोडं किती, हे त्या एकूण आकड्यावरून शोधून काढणं म्हणजे अवयव पाडणं. पहिला कंस ओळींचा, दुसरा एका ओळीतल्या खोडांचा.

आता मांडणी. ६ ची फोड दोन तऱ्हांनी होते: १ × ६ किंवा २ × ३. १२ ची फोड १ × १२, २ × ६, ३ × ४. प्रत्येक जोडी उलटसुलट बसवता येते, म्हणून क्ष² च्या प्रत्येक फोडीमागे सहा मांडण्या, एकूण बारा. तुमची मुलगी या बाराही करून पाहते, त्यातल्या दोन-तीन घाईत चुकतात आणि खरी जोडी नेमकी त्यांत निसटते.

यातल्या दहा बघायच्याच नाहीत. ६, १७ आणि १२ या तिघांना सामाईक असा एकही अवयव नाही. मग एखाद्या कंसात (२क्ष + ४) कसं येईल? त्या कंसातून २ बाहेर निघतो, म्हणजे सगळ्या त्रिपदीतून, तीन पदांच्या मूळ राशीतून, २ बाहेर निघायला हवा. १७ विषम आहे, तो निघत नाही. म्हणून २क्ष च्या शेजारी सम संख्या बसत नाही, ३क्ष च्या शेजारी ३ च्या पाढ्यातली संख्या बसत नाही आणि ६क्ष च्या शेजारी २ किंवा ३ ने भाग जाणारी कोणतीच संख्या बसत नाही.

२क्ष आणि ३क्ष घेतले तर २क्ष च्या शेजारी १ किंवा ३ हेच राहतात. १ घेतला तर ३क्ष कडे १२ जातो, तो ३ च्या पाढ्यातला, बाद. उरलं फक्त (२क्ष + ३)(३क्ष + ४). क्ष आणि ६क्ष घेतले तर ६क्ष च्या शेजारी फक्त १ चालतो आणि उरतं (क्ष + १२)(६क्ष + १). बारांतून दोन राहिल्या. दुसरीत मधलं पद ७३क्ष येतं. पहिलीत २ × ४ = ८ आणि ३ × ३ = ९, बेरीज १७. झालं.

मात्र हा नियम लावण्याआधी त्रिपदीतला सामाईक अवयव बाहेर काढलेला असलाच पाहिजे. १२क्ष² + ३४क्ष + २४ मध्ये २ बाहेर काढला नाही, तर वरची सगळी चाळणी खोटी ठरते, कारण तिथे (४क्ष + ६) सारखा कंस खरोखरच येऊ शकतो. बाहेर काढलेला २ उत्तरात लिहायचाही राहतो: २(२क्ष + ३)(३क्ष + ४). समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंना २ ने भागून तो सोडून देता येतो, अवयव पाडताना नाही. दहावीत वर्गसमीकरणं शिकल्यावर मुलं ही सवय अवयवांच्या उदाहरणांतही आणतात, आणि अवयव पाडून झाले की खाली ‘क्ष = ...’ असंही लिहून टाकतात. जिथे ‘= ०’ दिलेलंच नाही, तिथे क्ष ची किंमत कुठून येणार?

क्ष² चं पद ऋण असेल तर आधी वजा चिन्ह बाहेर काढायचं. ते आत ठेवून जोड्या शोधायला गेलं की चिन्हांची खिचडी होते.

चिन्हांचं म्हणायचं तर, स्थिरपद (क्ष नसलेलं शेवटचं पद) धन असेल तर दोन्ही कंसांत एकच चिन्ह, जे मधल्या पदाचं आहे तेच. स्थिरपद ऋण असेल तर एका कंसात अधिक, एकात वजा. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण वजा कोणत्या कंसात, इथे गाडी अडते. मुलांनी ‘मोठ्या संख्येला मधल्या पदाचं चिन्ह’ असं पाठ केलेलं असतं. क्ष² चा सहगुणक (त्याच्या आधीचा आकडा) १ असताना ते बरोबर ठरतं, म्हणून चुकीची सवय पक्की होते. आता हे घ्या:

७क्ष² − ११क्ष − ६

आकडे ३ आणि २ हे सापडले: ७क्ष बरोबर ३, क्ष बरोबर २. मोठी संख्या ३, म्हणून तिला वजा दिला तर (७क्ष − ३)(क्ष + २) होतं आणि मधलं पद +११क्ष येतं. चिन्ह उलटं. चिन्ह संख्येला द्यायचं नसून तिरक्या गुणाकाराला द्यायचं असतं. तिरके गुणाकार दोन: ७ × २ = १४ आणि १ × ३ = ३. मोठा गुणाकार १४, मधल्या पदाचा वजा त्याला जातो, म्हणून वजा २ ला. उत्तर (७क्ष + ३)(क्ष − २).

यासाठी फुलीची मांडणी सगळ्यात सोपी. डावीकडे खाली-वर ७ आणि १ लिहायचे, उजवीकडे खाली-वर ३ आणि २. तिरक्या रेघा मारून दोन गुणाकार काढायचे, शेजारी लिहायचे. आधी चिन्हांकडे बघायचंच नाही. स्थिरपद ऋण असेल तर वजाबाकी जुळते का, धन असेल तर बेरीज जुळते का एवढंच पाहायचं. जुळल्यावर शेवटी चिन्हं द्यायची. कंस वाचताना मात्र आडवं वाचायचं: वरच्या ओळीचा एक कंस, खालच्या ओळीचा दुसरा. तिरकं गुणून तिरकंच वाचणारी मुलं थोडी नाहीत. त्यांची गणितं शेवटच्या ओळीत चुकतात.

शाळेत याच कामासाठी मधल्या पदाची फोड शिकवतात. ६ × १२ = ७२ करायचे, ज्यांचा गुणाकार ७२ आणि बेरीज १७ अशा दोन संख्या शोधायच्या. ही पद्धत वेगळी नाही. (मक्ष + न)(पक्ष + त) गुणलं तर मधल्या पदात मत आणि नप हे दोन तुकडे येतात. त्या दोन तुकड्यांचा गुणाकार मतनप, म्हणजे मप × नत, म्हणजेच पहिला सहगुणक गुणिले स्थिरपद. फुलीतले दोन तिरके गुणाकार आणि फोडीच्या दोन संख्या एकच आहेत.

पण ७२ च्या जोड्या १ × ७२, २ × ३६, ३ × २४ अशा ओळीने लिहीत बसायचं नाही. इथे मधला आकडा आपल्याला सांगत असतो. शोधलेल्या दोन्ही संख्यांना एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्यांच्या बेरजेलाही तिने भाग जाणारच. उलट बोलायचं तर १७ ला २ ने भाग जात नाही, म्हणजे ७२ मधले सगळे २ एकाच संख्येत गेले पाहिजेत, वाटले जाता कामा नयेत. १७ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून सगळे ३ ही एकत्रच. ७२ = ८ × ९. हे दोन गठ्ठे फोडायचे नाहीत. मग शक्यता दोनच: ८ आणि ९, किंवा १ आणि ७२. मघाशी कंसांची चाळणी लावून उरलेल्या दोन मांडण्या याच.

१०क्ष² − ११क्ष − ६ मध्ये गुणाकार ६० येतो. ६० = ४ × ३ × ५, आणि ११ ला यांतल्या कोणत्याच मूळ संख्येने भाग जात नाही. म्हणून ४ अखंड ठेवायचा. जोड्या चार: १ व ६०, ३ व २०, ४ व १५, ५ व १२. फरक ११ हवा. १५ व ४. मोठ्याला वजा: −१५ आणि +४.

१०क्ष² − १५क्ष + ४क्ष − ६
= ५क्ष(२क्ष − ३) + २(२क्ष − ३)
= (२क्ष − ३)(५क्ष + २)

मधला आकडा सम असेल तर हाच नियम दुसऱ्या बाजूने कामी येतो. १२क्ष² + २०क्ष + ३ घ्या. गुणाकार ३६ = ४ × ९. गुणाकार सम आणि बेरीजही सम, म्हणून दोन्ही संख्या सम असल्या पाहिजेत. दोघींना एकेक २ मिळतो. २० ला ३ ने भाग जात नाही, म्हणून ९ एकीकडेच. झाल्या संख्या: १८ आणि २. शोधाशोध काहीच नाही.

१२क्ष² + १८क्ष + २क्ष + ३ = ६क्ष(२क्ष + ३) + १(२क्ष + ३) = (६क्ष + १)(२क्ष + ३)

तो १ लिहायचाच. ‘६क्ष(२क्ष + ३) + (२क्ष + ३)’ असं लिहून पुढच्या ओळीत नुसतं ६क्ष(२क्ष + ३) ठेवणं ही नेहमीची चूक आहे. दुसरी नेहमीची चूक, तिसरं पद ऋण असताना कंस उघडण्याची. ६क्ष² − ९क्ष − ४क्ष + ६ मध्ये शेवटच्या दोन पदांतून −२ बाहेर काढला की आत (२क्ष − ३) राहतं. मुलं −२(२क्ष + ३) लिहितात, मग दोन कंस जुळत नाहीत, आणि मग ‘फोड चुकली’ समजून बरोबर असलेली फोड खोडतात. फोडीच्या संख्यांचा गुणाकार आणि बेरीज तपासून झालेली असेल तर कंस जुळलेच पाहिजेत. न जुळले तर दोष नक्की सामाईक काढण्यात आहे, तिथेच शोधायचा. तुमच्या मुलीच्या खाडाखोडीतली बरीच यामुळेच असण्याचा संभव आहे, तिची वही एकदा या नजरेने पाहा.

आणखी एक: ८ व ९ सापडले की (क्ष + ८)(क्ष + ९) लिहून टाकणं. ते ७२ वाल्या त्रिपदीचे अवयव झाले, ६ वाल्या नाहीत. घाई करायचीच असेल तर (६क्ष + ८)(६क्ष + ९) लिहून ६ ने भागावं: पहिल्यातून २ निघतो, दुसऱ्यातून ३, राहतं (३क्ष + ४)(२क्ष + ३). हे बरोबर आहे, पण पेपरात पायऱ्यांचे गुण असतात, तेव्हा पडताळ्यापुरतंच ठेवावं.

‘अवयव पडत नाहीत’ हे उत्तर कधी लिहायचं? जोड्या संपल्यावर, कंटाळा आल्यावर नव्हे. तिन्ही सहगुणक विषम असतील तर एका नजरेत कळतं. ३क्ष² + ७क्ष + ५ पाहा. पहिला आणि शेवटचा विषम असल्याने कंसातले चारही आकडे विषम हवेत. मग दोन्ही तिरके गुणाकार विषम, आणि दोन विषमांची बेरीज किंवा वजाबाकी सम. मधे ७ कधीच येणार नाही. पेन उचलायचंही कारण नाही.

बाकी ठिकाणी विवेचक काढावा, म्हणजे ब² − ४अक; अ हा क्ष² चा सहगुणक, ब मधला, क स्थिरपद. तो पूर्ण वर्ग असेल तरच पूर्णांकांत अवयव पडतात. ३क्ष² + ४क्ष − ५ मध्ये १६ + ६० = ७६; पूर्ण वर्ग नाही, प्रयत्न थांबवा. विवेचक दहावीत येतो, पण नववीच्या मुलीला सांगायला हरकत नाही, कारण तो नुसता ‘हो-नाही’ सांगून थांबत नाही, फोडीच्या संख्याही हातात देतो. विवेचकाचं वर्गमूळ मधल्या आकड्यात मिळवून निम्मं करा, मग वजा करून निम्मं करा. मघाच्या १०क्ष² − ११क्ष − ६ मध्ये १२१ + २४० = ३६१, वर्गमूळ १९. (−११ + १९) ÷ २ = ४ आणि (−११ − १९) ÷ २ = −१५. त्याच संख्या.

मोठ्या आकड्यांत याचा खरा उपयोग. ७२क्ष² + २३क्ष − २१० सारखं काही आलं तर २३ चा वर्ग ५२९, त्यात ४ × ७२ × २१० = ६०४८० मिळवून ६१००९, त्याचं वर्गमूळ २४७. संख्या १३५ आणि −११२. यात वर्गमूळ काढणं जड वाटलं तर गठ्ठे करा: ७२ × २१० = १५१२० = १६ × २७ × ५ × ७. २३ ला २, ३, ५, ७ यांतल्या कशानेच भाग जात नाही, म्हणून चारही गठ्ठे अखंड. चार गठ्ठे दोन बाजूंना वाटायच्या तऱ्हा आठच. फरक २३ इतका लहान हवा म्हणजे दोन्ही संख्या जवळपास सारख्या, १२३ च्या आसपास. २७ × ५ = १३५, १६ × ७ = ११२. सरळ हाताशी आलं.

९क्ष(८क्ष + १५) − १४(८क्ष + १५) = (८क्ष + १५)(९क्ष − १४)

जाता जाता, हे विवेचकाचं तंत्र आपल्याच मुलखाशी जोडलेलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे, शके ११२८ ची. भास्कराचार्यांच्या बीजगणितात वर्गसमीकरणाच्या रीतीला ‘मध्यमाहरण’ म्हटलंय: मधलं पद काढून टाकणं. त्यासाठी त्यांनी आपल्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांचा नियम दिला: वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. आपल्या त्रिपदीला ४ × ७२ ने गुणलं तर (१४४क्ष + २३)² − २४७² असं रूप येतं. मधलं पद वर्गात विरून गेलं, आणि दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव आठवीच्या मुलालाही पाडता येतात: (१४४क्ष + २७०)(१४४क्ष − २२४). पहिल्यातून १८ काढा, दुसऱ्यातून १६; १८ × १६ = २८८, जेवढ्याने गुणलं होतं तेवढंच. शाळेत आपण मधलं पद फोडतो, तिथे ते नाहीसं करतात; पोचतो एकाच ठिकाणी.

पडताळ्याला क्ष = १ पुरतो. ६ + १७ + १२ = ३५ आणि कंसांचे ५ × ७ = ३५. पहिलं आणि शेवटचं पद जुळलेलं असेल तर चुकायला फक्त मधलं पद उरतं, म्हणून ही एकच किंमत खात्री देते. पहिलं-शेवटचं न बघता नुसतं १ घालून पाहिलं तर फसगत होते. (३क्ष + २)(४क्ष + ३) मध्येही ३५ च येतात. क्ष = १० घालून पाहायलाही मजा येते: ६०० + १७० + १२ = ७८२, आणि कंस २३ व ३४ होतात. बागेत २३ ओळी, दर ओळीत ३४ खोडं.

वर्गमुळांची उदाहरणं पुस्तकात असतात, त्यांना पूर्णांकांची चाळणी लागू नाही. √२क्ष² + ७क्ष + ५√२ मध्ये मधल्या पदाची फोडच बरी. गुणाकार १०, बेरीज ७, संख्या ५ आणि २. अडतं ते पुढे, कारण २क्ष मधून √२ सामाईक काढायचं सुचत नाही. २ = √२ × √२ असं शेजारी लिहिलं की दिसतं: क्ष(√२क्ष + ५) + √२(√२क्ष + ५) = (√२क्ष + ५)(क्ष + √२).

हे सगळं माहीत असूनही वेग येत नसेल तर अडचण बीजगणितात नाही, पाढ्यांत आहे. ८४ म्हटलं की ‘बारा साते चौऱ्याऐंशी’ आठवायला हवं. तिथे बोटं मोजावी लागली तर चाळणीचा काही फायदा नाही. पाढे उलटे विचारा: ९६ कशाकशाच्या पाढ्यात येतो? घरात येता-जाता विचारता येतं, वही लागत नाही. सरावाची उदाहरणंही विकत आणायला नकोत. दोन कंस मनात धरा, गुणून द्या.

सुरुवातीला तिला ही तीन द्या: ८क्ष² + १४क्ष − १५, १८क्ष² − ३९क्ष + १५, आणि ५क्ष² + ९क्ष − ७. पहिल्याचं उत्तर (४क्ष − ३)(२क्ष + ५). दुसऱ्याचं ३(२क्ष − १)(३क्ष − ५), त्यात तिने ३ आधी बाहेर काढला का ते पाहा. तिसऱ्याचे अवयव पडत नाहीत, पण हे आधी सांगू नका. किती वेळात आणि कशावरून ओळखते ते बघा.